मागचा खांदा

माझ्या भावाने चारशे माणसांसमोर माझे आभार मानले आणि त्याच क्षणी मी ठरवलं, याला आता सोडायचं नाही.

रोहिदास माझा धाकटा भाऊ. जव्हारला मास्तर होता, शेवटची चार वर्षं हेडमास्तर. एकतीस मेला निवृत्त झाला. आमच्याकडे त्याच्या वयाची सगळी माणसं एक जूनलाच जन्मली आहेत, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख लावली. त्यामुळे निवृत्तही सगळे एकदम होतात आणि जव्हारात त्या दिवशी हॉल मिळत नाही. रोहिदासने सहा महिने आधी सांगून ठेवला होता. मुलाने, संदीपने, मोठा फ्लेक्स लावला होता, त्यावर रोहिदासचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली 'कृतज्ञता सोहळा'. मला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. सोफा इतका खोल होता की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते.

त्याने सगळ्यांचे आभार मानले. सासऱ्यांचे, साडूचे, बायकोचे म्हणजे रंजनाचे, मोटरसायकल दुरुस्त करून देणाऱ्याचेसुद्धा. मग आवाज खाली आणला. मास्तर लोकांना ते बरोबर जमतं.

"मी जेमतेम दहा-अकरा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "वडील मरणाच्या दारात होते. पाड्यावर एकही पुरुष माणूस नव्हता. मी डोली खांद्यावर घेतली आणि पोशेऱ्याच्या आमच्या पाड्यावरून वडिलांना या जव्हारच्या दवाखान्यात वाहून आणलं. माझी ताई दारात उभी राहून रडत होती. रडत रडत तिने भाकरी बांधून दिली. ती भाकरी मी आजही विसरलेलो नाही. ताई, मी तुझे आभार मानतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसायला लागल्या. मला वर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी घेतला. गप्प का बसले असं कोणी विचारेल. माईक त्याच्या हातात होता, म्हणून गप्प बसले. मी तिथे ओरडले असते तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणून दोघींनी धरून मला खाली नेलं असतं, आणि त्याच्या भाषणाला आणखी रंग चढला असता.

डोली एकट्याने उचलली जात नाही. बांबूला दोन टोकं असतात. चारशे माणसं बसली होती, त्यांतली निम्मी आमच्याच डोंगरातली, ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी डोलीतून गेलेलं आहे. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की दुसऱ्या टोकाला कोण होतं.

पुढच्या टोकाला मी होते. मागच्या टोकाला माझी बहीण चिमी होती. मी पंधराची, ती तेराची. आणि रोहिदास सहा वर्षांचा होता आणि तो डोलीत होता.

बहात्तर साल होतं. आय आदल्या वर्षी गेली होती. दिवाळी झाली आणि पाड्यावरची धडधाकट माणसं बायकापोरांसकट वीटभट्टीवर जगायला निघून गेली. मागे राहिले म्हातारे आणि आम्ही, कारण आमच्या बाला, म्हणजे वडिलांना, उठताच येत नव्हतं. पोट फुगलं होतं आणि बाकी अंगावर नुसती हाडं. तिसऱ्या दिवशी तो पाणीही ओकायला लागला तेव्हा मी बांबू काढला, गोधडीची टोकं बांधली आणि चिमीला म्हटलं, चल. रोहिदासला ठेवायला घरात कोणी नव्हतं, म्हणून तोही निघाला. पहिल्याच चढणीला त्याने फतकल मारली. रडायला लागला. त्यालाही बाच्या कुशीत डोलीत टाकला. सडकेवर पोचलो तर एसटी निघून गेलेली. मग तशाच पुढे चालत राहिलो. पहाटे निघालो होतो, दिवस कलताना दवाखान्यात पोचलो.

बा वाचला. त्यानंतर आठ वर्षं जगला, आणि त्या आठ वर्षांत एक घर असं नसेल जिथे बसून त्याने सांगितलं नसेल, "माझ्या पोरींनी मला आणला. हिरी पुढं, चिमी मागं." ज्यांनी ऐकलं ते बहुतेक सगळे आता गेले.

चिमी एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. शाळेत तिचं नाव नाही, मतदार यादीत नाही, रेशन कार्डावर नाही. एक फोटो नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि त्या घरात तिचं नावही कोणी काढत नाही. मला लेकी आहेत, नाती आहेत, अंगणवाडीत बावीस वर्षं मदतनीस म्हणून काम केलं त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. माझं काही अडलेलं नाही. पण चिमीच्या नावावर या जगात एवढी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्या भावाने माईकवर स्वतःच्या नावावर करून घेतली. वर मला भाकरी बांधायला बसवलं.

मी घरी आले आणि तो नारळ कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून दिला. फोडलासुद्धा नाही.

दोन दिवसांनी नात वर्षाली मोबाइल घेऊन आली. "आजी, मामाआजोबांचा व्हिडिओ सगळीकडं फिरतोय." खाली लोकांनी हात जोडले होते, 'आदर्श पुत्र' लिहिलं होतं. मी तिला तो तीनदा लावायला सांगितला. ती समजली मला कौतुक वाटतंय. मी मात्र मोजत होते, किती वेळा तो 'मी' म्हणतो. अख्ख्या भाषणात नऊ वेळा म्हणाला.

मग त्याचा फोन आला. रविवारी पाड्यावर येतो, गावजेवण घालतो, सगळ्या नातेवाईकांचे आभार मानायचे आहेत, शाळेतले सहकारीही येतील. आभार मानायची चटकच लागली होती त्याला. मी म्हटलं, "ये की. वाट बघते."

संध्याकाळी मी शेजारच्या ढवळूकडे गेले. ढवळू साठीचा आहे, पण खांदा अजून बैलाचा. आमच्या पाड्यावरून आजवर जितक्या डोल्या वर सडकेला गेल्या त्यांतल्या निम्म्या त्याने वाहिल्या असतील. आमचा पाडा खाली आहे, सडक वर. दर निवडणुकीत रस्ता मंजूर होतो आणि आम्ही चालत वर जातो, तासाभराची चढण आहे.

"रविवारला डोली तयार ठेव," मी म्हटलं.

"कोण आजारी हाय?"

"मी."

"आज तर बरी दिसतेस, हिरीबाय."

"रविवारी पडणार हाय. जेवणं झाली का."

ढवळूने माझ्याकडे पाहिलं. त्याची आजी त्या वर्षी पाड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांत होती, बा बरा होऊन आला तेव्हा तिनेच आम्हा पोरींची दृष्ट काढली होती. तो व्हिडिओ त्यानेही पाहिला होता. बिडी विझवून त्याने एवढंच विचारलं, "मागचा खांदा मी घेऊ ना?"

"तूच घे. पुढचा ठरलेला हाय."

रविवारी रोहिदास आला. पायात नवे बूट, सोबत आठ-दहा मास्तर, रंजना, संदीप. उतरतानाच सगळ्यांची दमछाक झाली होती. मांडव घातला होता, कोंबडी शिजली होती, भात आणि नागलीच्या भाकऱ्या. प्रत्येक घराला एक साडी आणि एक स्टीलचा डबा. जेवणं झाल्यावर तो उभा राहिला. मी मनात म्हणत होते, नको सांगू, रोहिदास. आज नाही सांगितलंस तर कदाचित मी तुला सोडीन.

त्याने सांगितलं. या वेळी वाटेत वाघाचा आवाजही आला होता.

मी उठायला गेले आणि तिथेच बसले. "पाय गेले माझे," मी म्हटलं. "उजव्या अंगाला मुंग्या येतात."

एकच गोंधळ उडाला. रंजनाने पाणी आणलं, कोणीतरी कांदा हुंगायला दिला. एका मास्तरने फोन लावला, दवाखान्याची गाडी वर सडकेपर्यंत येईल म्हणाला, पेशंटला तिथे आणा. तोवर ढवळू बांबू आणि गोधडी घेऊन हजर झालाच होता. इतक्या लवकर डोली कशी आली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आमचे चार तरणे पोरगे पुढे झाले.

"नको," मी म्हटलं. "परक्याच्या खांद्यावर नाय जायची मी. माझा भाऊ हाय ना. बाला त्यानं जव्हारपर्यंत नेलं, दहा वर्षांचा होता तेव्हा. मला सडकेपर्यंत नाय नेणार?"

एक मास्तर भारावून म्हणाला, "सर, हा तुमचाच मान." दुसरा म्हणाला, "आज प्रत्यक्ष बघायला मिळेल." संदीपने मोबाइल काढला. रोहिदास माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं की नाही ते मला त्या वेळी सांगता आलं नसतं, पण त्याचा चेहरा उतरला.

"ताई, माझी कंबर..." तो म्हणाला.

"मग राहू दे," मी म्हटलं. "इथंच मरते."

बूट काढून तो आला. मी डोलीत बसले आणि ढवळूला म्हटलं, ती नागलीची पिशवी पण आत दे, दवाखान्यात राहावं लागलं तर असावी. पंधरा किलो होती. सहा वर्षांचं पोर तेवढंच भरतं. मी आदल्या दिवशी वर्षालीकडून काट्यावर मोजून घेतली होती.

रोहिदासने खांद्यावर टॉवेलाची घडी ठेवली, ती दुसऱ्याच पावलाला घसरली. दोघे चालायला लागले आणि डोली झोपाळ्यासारखी झुलायला लागली. डोली वाहणाऱ्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. पुढच्याने डावा पाय टाकला की मागच्याने उजवा टाकायचा. दोघांचा पाय एकच पडला की डोली झोके घेते आणि खांद्याची सालटी निघतात. आम्ही पोरी होतो तरी शंभर पावलांत आम्हाला कळलं होतं. हा शाळेच्या कवायतीसारखा ढवळूच्या पायाला पाय जुळवत होता.

"सर, पाय मोडा," ढवळू मागून मोठ्याने म्हणाला. "तुमचा डावा तर माझा उजवा. बाला नेलं तेव्हा काय केलंत?"

मागून येणारी आमची माणसं थबकली. मास्तरांना काही समजलं नाही, पण पाड्यावरच्या एकेकाला समजलं. एक म्हातारी नुसतीच "अगं बाय" म्हणाली. मला डोलीत आडवं पडून इतका आनंद झाला की तोंडाला पदर लावावा लागला.

पहिल्या वळणावर पोरांनी खांदा बदलायला मागितला. मी कण्हले. ते मागे झाले. दुसऱ्या वळणावर रोहिदासच्या सदऱ्याला खांद्यावर लाल डाग दिसायला लागला. ऊन तापलं होतं, कुठेही सावली नव्हती. मी वर डोकं करून पडले होते, म्हणजे त्याच्या पाठीशी माझं डोकं. हळू बोलले तरी त्याला ऐकू जात होतं.

"रोहिदास," मी म्हटलं. "मागं कोण होतं?"

"कधी?"

"तुला ठाऊक हाय कधी."

तो दहा-वीस पावलं चालला. श्वास भात्यासारखा वाजत होता. "बाय, सगळी माणसं आहेत," तो म्हणाला. ताईची बाय झाली होती.

"चारशे होती तेव्हा नाय लाजलास. मागं कोण होतं?"

"चिमी."

"मला ऐकू नाय आलं."

"चिमी!"

"थांब. वळ. सगळ्यांना सांग. संदीप, ते चालू हाय ना?"

तो थांबला. बांबू खांद्यावरच होता. मान वळवून त्याने मागच्या माणसांकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो काहीतरी गोड करून सांगेल, मास्तरच तो. पण दम राहिला नव्हता त्याच्यात. तो म्हणाला, "बाला मी नाय नेला. माझ्या बहिणींनी नेला. हिरीबाय पुढं होती, चिमी मागं. मी सहा वर्षांचा होतो. मी डोलीत होतो."

मास्तर लोक एकमेकांकडे बघत राहिले. रंजनाने खाली मान घातली. संदीपचा हात खाली आला होता, पण मोबाइल चालूच होता. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. थोडंथोडकं नाही, गार पाणी प्याल्यावर वाटतं तसं पोटापर्यंत बरं वाटलं.

"आता उतरव मला," मी म्हटलं. "माझ्या पायाला काय धाड झालेली नाय."

त्याने उतरवलं नाही. तो तसाच उभा होता.

"का सांगितलंस असं?" मी विचारलं.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी पोरांना सांगितलं वर्गात. त्यांनी विचारलं, तुम्ही काय करत होता, सर? डोलीत झोपलो होतो, असं कसं सांगायचं मास्तरनं? मग एकदा तसं बोलून गेलो. मग तेच सांगत गेलो." त्याने बांबू खांद्यावर सावरला. "पण झोपलो नव्हतो मी, बाय. दिवसभर जागाच होतो. मला ती दिसत होती."

"कोण?"

"चिमी. तू पुढं होतीस, तुझी पाठ. मी बाच्या डोक्याशी पडलेलो, माझं तोंड मागं. तिचा चेहरा माझ्यासमोरच होता, निघाल्यापासून जव्हार येईपर्यंत."

मी डोलीत पडल्या पडल्या समोर पाहिलं. समोर ढवळूचा चेहरा होता. मानेची शीर फुगलेली, घाम नाकावरून टपटपत होता, डोळे माझ्यावर. डोलीतल्या माणसाला मागचा खांदा दिसतो. सदुसष्ट वर्षांची होईपर्यंत मी कधी डोलीत बसले नव्हते. मला हे माहीतच नव्हतं.

"बा कण्हला की ती मला जीभ काढून दाखवायची," रोहिदास म्हणाला. "मी त्याच्याकडं बघू नये, हसावं म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि जीभ बाहेर. तू पुढून विचारायचीस, चिमे, दमलीस का? ती आधी नाक ओढायची, थुंकी गिळायची, मग म्हणायची, नाय गं बाय."

ते मला आठवत होतं. नाय गं बाय. दिवसभरात मी चाळीस वेळा विचारलं असेल आणि चाळीस वेळा तेच उत्तर, ठणठणीत आवाजात. मला वाटायचं, काटक पोरगी. थांबले नाही मी. एकदाही थांबले नाही.

"मला सांगितलं का नाय तू?"

"तिनं ओठावर बोट ठेवलं होतं. सांगू नको म्हणून."

बावन्न वर्षं. एवढी बावन्न वर्षं हा माणूस माझ्या बहिणीचा चेहरा घेऊन फिरत होता आणि जगाला वाघाच्या गोष्टी सांगत होता. मला त्याला खाली उतरून मारावंसं वाटलं. आणि एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, लेकींनासुद्धा नाही, ती इथे सांगते. मला चिमीचा चेहरा आठवत नाही. तिचा आवाज आठवतो, तिचे खडबडीत तळवे आठवतात, वेणी आठवते. चेहरा गेला. किती वर्षं झाली कोण जाणे. चिखलात भाताची रोपं आवताना, भाकरी थापताना, मी कितीदा आठवायला बसले, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचा तरी चेहरा यायचा.

"चाल," मी म्हटलं.

"उतरणार होतीस ना?"

"चाल म्हणते ना. डावा पाय टाक."

तो चालायला लागला. या वेळी पाय मोडून चालला, डोली झुलली नाही. पोरं पुन्हा खांदा द्यायला आली, त्याने मानेनेच नको म्हटलं. मी विचारत गेले आणि तो धापा टाकत सांगत गेला. कपाळावर डाव्या बाजूला देवीचे दोन व्रण होते. भुवया जुळलेल्या होत्या. वरचा एक दात अर्धा तुटलेला, करवंदाच्या जाळीत पडली होती तेव्हाचा. हसली की तो आधी दिसायचा. मी डोळे मिटून ऐकत होते आणि एकेक गोष्ट जागच्या जागी येऊन बसत होती, पण अजून मधे मोकळी जागा होती.

गाडीचा हॉर्न ऐकू आला. मागून कोणीतरी म्हणालं, पोचलो. रोहिदासच्या खांद्यावरचा सदरा चिकटला होता.

"सडक आली, बाय," तो म्हणाला. "ठेवू खाली?"

"ठेवलंस तर बघ," मी म्हटलं. "नाक कसं होतं तिचं?"